भूकलाडू आहे, तहानलाडू कुठाय?

गोष्टीतला राजपुत्र दूरदेशी निघाला की शिदोरीला भूकलाडू-तहानलाडू असायचेच. त्यातला भूकलाडू आता बाजारात मिळतो. पीठ, साखर आणि तेल दाबून केलेली ही आपत्कालीन वडी हवाबंद वेष्टनात पाच वर्षं टिकते. ३,६०० कॅलरीचं एक पाकीट एका माणसाला तीन दिवस पुरवायचं, असा हिशेब. चव बेताचीच, पण ती शिजवावी लागत नाही आणि खारट नसल्यामुळे तहान वाढवत नाही.

तरी तहानलाडू अजून कुणालाच जमलेला नाही. जहाजावरच्या जीवनौकेत माणशी किमान १०,००० किलोज्यूल अन्न ठेवायचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्याच नियमात माणशी तीन लिटर पाणीही आहे. पुरात अडकलेल्यांना आपण मात्र फरसाणाची पाकिटं पाठवतो आणि चहूकडे पाणी असताना त्यांचा घसा कोरडा पाडतो.

बेगमी आपल्याला नवी नाही. कोकणात पावसाआधी आगोट भरतात: तांदूळ, मिरची, सुकी मासळी. पण ही सगळी बेगमी चूल पेटेल या भरवशावर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या घरांत शेगडीच पाण्याखाली गेली. २०१९च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात सरकारने कुटुंबामागे दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ जाहीर केले. घर पुन्हा उभं करताना ते हवेतच; पण वीज गेलेल्या गावात गहू दळायचा कुठे?

म्हणून माझं म्हणणं एवढंच: आगोटीत एक बिनचुलीचा डबा असू द्या. त्यासाठी परदेशी वडीच हवी असं नाही. राजगिऱ्याची चिक्की, खजूर, गूळ, सातूचं पीठ, बिनमिठाचे भाजके शेंगदाणे, घरातल्या प्रत्येकाला तीन दिवस पुरतील इतके. शेजारी पिण्याच्या पाण्याचे बंद कॅन. आणि हे सगळं ओट्याखाली नव्हे, माळ्यावर.

चिक्की पाच वर्षं टिकणार नाही, हे खरं. टिकवायची कशाला? पावसाळा सुखरूप सरला की दिवाळीच्या सुट्टीत पोरांना वाटून टाका आणि पुढच्या मे महिन्यात डबा नव्याने भरा.