तलंगांस पेटीची सवय अंड्यापूर्वीच लावावी

आमच्या खानदेशात परसातील कोंबड्यांचा विषय निघाला म्हणजे रोगाची, खाद्याच्या भावाची अथवा बोक्या-मुंगसाची चर्चा होते. कोंबडी अंडे कोठे घालते हा प्रश्न मात्र बायकापोरांचा समजून पुरुषमंडळी सोडून देतात. आमचे मते ह्या समजुतीपायी पुष्कळ घरांचे नुकसान होत आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

पारोळ्याच्या आसपास कोणत्याही गावी कापसाची उलंगवाडी झाल्यावर जावे, तर घराच्या भिंतीस लागून पऱ्हाट्यांची रास रचलेली दिसते. (ह्या राशी गुलाबी बोंडअळीच्या दृष्टीनेही घातकच, पण तो विषय निराळा.) तलंगेच्या नजरेने पाहिल्यास ती रास म्हणजे उत्तम बाळंतघर होय. आत काळोख, वर आच्छादन, आणि कुत्र्यास शिरण्यास वाट नाही. मग दहा-पंधरा अंडी तेथे साठतात, काही नासतात, काही घोरपड नेते, व घरधनीण म्हणते, की यंदाच्या तलंगा वांझच निघाल्या!

ह्यात तलंगेचा दोष काहीच नाही. आपल्या कोंबडीची मूळ जात रानकोंबडी. ती झुडपाच्या बुंध्याशी, पाचोळ्यात खळगा करून अंडी घालते. आडोसा, अंधार व निवांतपणा शोधणे हे तिच्या रक्तात आहे. पहिली चार-सहा अंडी ज्या ठिकाणी पडली, ते ठिकाण ती सहसा सोडीत नाही. म्हणून सर्व खुबी वेळेत आहे. पहिले अंडे पऱ्हाट्यांत पडल्यावर पेटी आणणे, म्हणजे पेरणी उरकल्यावर बियाण्याची चौकशी करणे होय.

सरकारच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत निम्म्या अनुदानावर आठ ते दहा आठवड्यांच्या पंचवीस माद्या व तीन नर असा तलंगांचा गट देण्यात येत आला आहे. सुधारित जातीची तलंग सुमारे वीस ते चोवीस आठवड्यांची झाली म्हणजे अंड्यावर येते. गावठी तलंग त्याहूनही उशिरा. अर्थात गट घरी आल्यापासून निदान दहा आठवडे हातात असतात, आणि बहुतेक ठिकाणी ते फुकट जातात. आम्ही आयुष्य महसुली दप्तरात काढले, तेव्हा हिशेबाची खोड जात नाही. पंचवीस तलंगांपैकी रोज तीन अंडी बाहेर गेली असे धरले, तर महिन्यास नव्वद झाली. गावरान अंड्यास दहा रुपये धरल्यास नऊशे रुपये! पीकपाहणीत विहिरीची नोंद होते, झाडांची होते. ह्या नऊशेंस कोठेही रकाना नाही, कारण ती रक्कम बहुधा घरातील स्त्रीची असते. मुलाची वही, स्वतःचे औषध, माहेरी जाण्याचे एस.टी.चे भाडे, एवढे तिने कोणापुढे हात न पसरता त्यातूनच करावयाचे.

आता पेटीविषयी. चार-पाच तलंगांस एक ह्या मानाने पंचवीसांस पाच-सहा पेट्या लागतात. एक फूट लांब, एक फूट रुंद व त्याहून किंचित उंच अशी फळांच्या खोक्याची पेटी पुरते. बांबूचे टोपले आडवे बांधले तरी चालते. तेलाचा पत्र्याचा डबा कापून ठेवण्याची रीत सर्वत्र दिसते, पण ती आम्हांस पसंत नाही. तो अरुंद पडतो, आणि वैशाखातील आमच्याकडील उन्हात त्याची भट्टी होते. अशा भट्टीत कोणती कोंबडी बसेल? पेटीच्या तोंडाशी चार बोटे उंचीची पट्टी ठोकावी, म्हणजे अंडे व आतील भुसा बाहेर घरंगळत नाही. आत कोरडा भुसा अथवा गव्हाचे काड घालून ओले होताच बदलावे. लिंबाचा वाळलेला पाला मिसळण्याची चाल जुनी आहे. तथापि उवा व गोचिड्या झाल्यास केवळ पाल्यावर न राहता पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. पेटी खुराड्याच्या काळोख्या कोपऱ्यात, जमिनीपासून हात-दीड हात उंच असावी, आणि रात्री बसण्याची दांडी तिच्याहून उंच असावी. हे उलट झाल्यास तलंगा पेटीतच झोपतात, विष्ठेने ती घाण होते, व सकाळी तीत कोणी शिरत नाही. म्हणून प्रथम काही दिवस सायंकाळी पेट्यांची तोंडे झाकून पहाटे उघडावीत.

तुरा लाल होऊ लागला, तलंग कोपरेन् कोपरा हुंगत फिरू लागली, जवळ गेल्यास दबून बसू लागली, की समजावे, आठ-पंधरा दिवसांची बाब आहे. त्या सुमारास प्रत्येक पेटीत अंड्याएवढी पांढरी गुळगुळीत गारगोटी, किंवा चुना लावलेला लाकडी गोळा ठेवावा. दुसरीने येथे अंडे घातले आहे, तर जागा निर्धोक आहे, असे तलंगेस वाटते. खरे अंडे ठेवू नये. ते फुटले तर अंडी खाण्याची चटक लागते, आणि ती चटक मोडणे महाकठीण. त्याच कारणाने शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात सदैव असावा, म्हणजे कवच पातळ राहत नाही. बहुतेक अंडी सकाळीच पडतात. यास्तव दोन-तीन आठवडे तलंगा दहा-अकरापर्यंत खुराड्यातच, दाणापाणी देऊन ठेवाव्यात, मग मोकळ्या सोडाव्यात. जमिनीवर अंडे दिसले की तत्काळ उचलावे, व तो कोपरा विटा रचून अडवावा.

काहींचे म्हणणे असे, की इतकी यातायात कशास? पिंजरे आणावेत, अंडे आपोआप घरंगळून पुढे येते. नवापूरची मोठी कुक्कुटगृहे आम्हांस ठाऊक आहेत. फेब्रुवारी २००६ मधील बर्ड फ्लूच्या साथीने त्यांचे नाव देशभर झाले. ती हजारो पक्ष्यांची, भांडवलाची कामे. पंचवीस तलंगा व एक भिंत, एवढेच भांडवल असणाऱ्या बाईस हा सल्ला देणे म्हणजे बैल मागणारास आगगाडी दाखविणे होय.

आमची सूचना इतकीच, की गट देणाऱ्या अधिकाऱ्यांनी निवाऱ्याची पाहणी करताना पेट्याही मोजाव्यात, आणि पाच पेट्या टांगलेल्या दिसल्यावाचून तलंगा हवाली करू नयेत. गावच्या सुतारास पाच पेट्या करण्यास एक दिवस पुरतो; लाकूड खोक्यांचेच चालते.