गडाची वाट गावातून जाते

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या १२ दुर्गांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांपैकी शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे पुणे जिल्ह्यातील. साहजिकच पुणेकरांची पावले तिकडे अधिक वळतील. प्रश्न एवढाच की, ती काय पाहून परततील?

राजगडाला निघालेला प्रवासी पायथ्याच्या गुंजवणे गावात उतरतो आणि घाईने चोरदरवाजाची वाट धरतो. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या व बालेकिल्ला पाहून सायंकाळी शहर गाठतो. गावात त्याने पिठलं-भाकरी खाल्लेली असते. ती वाढणाऱ्या माउलीशी मात्र तो दोन शब्दही बोललेला नसतो.

राजगड सुमारे पाव शतक स्वराज्याची राजधानी होता. ते स्वराज्य उभे राहिले मावळ खोऱ्यांतील कष्टकरी माणसांच्या बळावर. तट-बुरूज ही त्या समाजशक्तीची केवळ दगडी खूण होय. गो. नी. दांडेकर आयुष्यभर गड हिंडले. दगडांइतकीच त्यांनी माणसेही वाचली, म्हणूनच त्यांच्या लेखणीतून गड बोलू लागले.

मान गडाला मिळाला. पण गडाला आपला मानणारे गावच ओस पडले, तर हा वारसा सांभाळणार कोण? म्हणून प्रवाशाने एक रात्र गावात मुक्काम करावा, तेथील तांदूळ विकत घ्यावा, आपला कचरा परत न्यावा आणि देवळातील भजनाला मांडी घालून बसावे. गडाचे दर्शन गावाच्या उंबरठ्यापासूनच सुरू होते.