दुसरी फेरी कोणाची?

मोहर्ली हे ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाच्या दाराशी वसलेले गाव. पहाटे पर्यटकांच्या जिप्सी येथूनच रांगेने जंगलात शिरतात. उलट दिशेला, सुमारे ३० किलोमीटरवर, चंद्रपूर आहे. जंगलपट्टीतील आईबाप आजारी मूल घेऊन जिल्ह्याच्या गावी जातात ते मजुरी बुडवून. मुलाला औषध मिळते, उतार पडतो, त्याला घरी धाडले जाते. दोन दिवसांनी श्वास पुन्हा लागला, की तेच आईबाप तातडीच्या विभागाच्या दाराशी पुन्हा उभे राहतात. आणि 'औषध नीट दिले नाही का?' हा पहिला प्रश्न आईलाच ऐकावा लागतो.

हा प्रश्नच चुकीचा आहे. मूल परत आणणारी आई अपराधी नव्हे; तिने धोका वेळीच ओळखला. खरी चिंता करावयाची ती जे मूल परत येऊच शकत नाही त्याची. न्यूमोनियाच्या मुलाला दोन-तीन दिवसांत पुन्हा तपासावे, हा वैद्यकाचाच नियम आहे. म्हणजे दुसरी भेट अटळच असते. वाद एवढाच, की त्या भेटीसाठी फेरी कोणी मारावयाची: तापलेल्या मुलाने की शासनाच्या आरोग्यव्यवस्थेने?

याचे उत्तर याच मुलखाने दिलेले आहे. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच माणसांना न्यूमोनिया ओळखून औषध देण्यास शिकविले. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मणी सरकवून श्वास मोजण्याचे साधन तयार केले. पुढे ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रिया नवजात बालकांच्या घरी वारंवार जाऊ लागल्या. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार घरापर्यंत गेला आणि मुले जगली.

२०११ पासून ही पद्धत देशभर आशांकडे सोपविण्यात आली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे आशा ४२ दिवसांत सहा वेळा जाते. २०१८च्या योजनेने तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच भेटी जोडल्या. परंतु या भेटी जन्मतारखेवरून ठरतात, आजारावरून नव्हे. दोन वर्षांचे मूल काल रुग्णालयातून घरी आले, हे आशेला कळविण्याची जबाबदारी कोणाची? जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमातील मोफत परतीचे वाहनही तान्ह्या बाळापुरतेच. त्याहून मोठ्या मुलाला १०८ची गाडी रुग्णालयात नेते, घरी आणीत नाही.

म्हणून मागणी सरळ आहे. मूल घरी सोडताना त्याच दिवशी गावच्या आशेला निरोप गेला पाहिजे. धोक्याची लक्षणे, म्हणजे वेगाने चालणारा श्वास, छाती आत ओढली जाणे, दूध-पाणी न घेणे, झटके, ही मराठीत लिहून आणि गोंडी-माडिया बोलणाऱ्या आईला तिच्या भाषेत सांगून दिली पाहिजेत. तीन दिवसांत परत आलेल्या प्रत्येक मुलाची वेगळी नोंद ठेवून ती रुग्ण कल्याण समितीपुढे वाचली जावी. आईला दोष देण्यासाठी नव्हे, व्यवस्थेची चूक शोधण्यासाठी. आणि हे वाढीव काम जिच्यावर पडेल, ती आशा सरकारदरबारी आजही 'स्वयंसेविका'च आहे; तिला कर्मचाऱ्याचा दर्जा व वेतन दिल्याविना ही मागणी म्हणजे एका गरीब स्त्रीचे ओझे दुसरीच्या डोक्यावर ठेवणे होईल.

कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभांत हा प्रश्न मांडावा. गावातील कोणते मूल रुग्णालयातून आले आणि त्याच्याकडे कोण जाऊन आले, एवढेच विचारावे. वाघ पाहावयास येणाऱ्यांसाठी मोहर्लीच्या दारात पहाटे गाडी सज्ज असते. आजारातून उठलेल्या मुलाच्या दारात तिसऱ्या दिवशी आरोग्यसेविका उभी असावी, ही अपेक्षा त्याहून मोठी नाही.