एका कुशीवर ठेवलेलं चित्र

दिवस मावळत होता. वासिली कांदिन्स्की बाहेरचं काम आटोपून म्यूनिकमधल्या आपल्या चित्रशाळेत परतला. दार उघडताच समोर एक विलक्षण सुंदर चित्र दिसलं. ओळखू येईल असं त्यात काहीच नव्हतं. नुसते आकार आणि रंग, आतून उजळलेले. जवळ गेल्यावर कोडं सुटलं. चित्र त्याचंच होतं, फक्त एका कुशीवर टेकवून ठेवलेलं.

1913 साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्यानं हे लिहिलं आहे. ही गोष्ट बहुधा इथवरच सांगितली जाते. मला मात्र दुसरी सकाळ अधिक मोलाची वाटते. दिवसाच्या उजेडात त्यानं तोच अनुभव पुन्हा घेऊन पाहिला. तो अर्धाच हाती लागला. चित्र आडवं असूनही त्यातल्या वस्तू ओळखू येत राहिल्या, आणि सायंप्रकाशाची ती जादूही नव्हती. वस्तूच आपल्या चित्रांना मारक ठरताहेत, हे तेव्हा त्याला कळून चुकलं. पण मग वस्तूच्या जागी काय येणार? वयाच्या तिशीला कायद्याची प्राध्यापकी नाकारून चित्रकलेकडे वळलेल्या या माणसाला त्या प्रश्नानं पुढची कित्येक वर्षं धाकात ठेवलं. चित्र नुसतं शोभेची नक्षी होऊन बसेल, ही भीती खरीच होती.

या अंकासाठी आम्ही चित्रकारांना त्यांच्या अशा संध्याकाळीबद्दल विचारलं. बहुतेकांनी लिहिलं ते दुसऱ्या सकाळीबद्दल.