निळा संदेश, हिरवा संदेश आणि गरिबाचा फोन

आयफोन श्रेष्ठ की अँड्रॉइड, हा वाद आता चहाच्या टपरीवरही रंगतो. आमच्या मते प्रश्नच चुकीचा विचारला जात आहे. कोणाच्या हातात कोणता फोन, हे आवडीपेक्षा खिसाच अधिक ठरवितो.

अमेरिकेत निम्म्याहून अधिक लोक आयफोन वापरतात. भारतात १०० पैकी सुमारे ९५ फोन अँड्रॉइडचे आहेत. आयफोनवरून आयफोनला पाठविलेला संदेश निळा दिसतो, अँड्रॉइडला पाठविलेला हिरवा. या हिरव्या रंगापायी अँड्रॉइड वापरणाऱ्यांना, विशेषतः किशोरवयीन मुलांना, हिणवले जाते, गटाबाहेर ठेवले जाते, असे अमेरिकन सरकारनेच मार्च २०२४ मध्ये ॲपलविरुद्ध दाखल केलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात म्हटले आहे. रंगावरून माणसाची पायरी ठरविण्याची ही रीत आम्हाला अनोळखी नाही!

आपल्याकडे सारेच व्हॉट्सॲपवर असल्याने हा रंगभेद जाणवत नाही. मग भेद संपला काय? मुळीच नाही. तो फोनच्या आयुष्यात दडला आहे. २०१५ सालच्या आयफोन ६एसला २०२१ मध्येही नवी प्रणाली मिळाली. गूगलने २०२३ मध्ये आणि सॅमसंगने २०२४ मध्ये आपल्या महागड्या अँड्रॉइड फोनना ७ वर्षे अपडेट देण्याचे वचन दिले. म्हणजे अँड्रॉइडला हे अशक्य नाही. तरीही अनेक स्वस्त फोनचे सुरक्षा अपडेट दोन-तीन वर्षांत बंद पडतात. फोन चालू राहतो, पण चोरट्यांसाठी दार उघडे पडते.

श्रीमंताच्या घरी आयफोनसोबत आयपॅड आणि लॅपटॉपही असतो. गरिबाच्या घरी एकच फोन बापाकडून मुलीकडे येतो. त्याच फोनवर बँक, शिष्यवृत्तीचा अर्ज, रेशनची ई-केवायसी आणि अभ्यास. ज्याचे सर्वस्व एका फोनवर, त्याचाच फोन सर्वांत असुरक्षित! हा कुठला न्याय?

युरोपीय संघाने जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांत, फोनची विक्री थांबल्यानंतरही किमान ५ वर्षे अपडेट उपलब्ध ठेवण्याची अट घातली आहे. आपल्या सरकारने असा कायदा का करू नये? तोवर फोन घेताना कॅमेऱ्याआधी दुकानदाराला एवढेच विचारा : अपडेट किती वर्षे मिळणार? ब्रँडची भक्ती पुरे झाली. आता ग्राहक म्हणून हक्क मागायला शिकले पाहिजे.