ओंडक्यांचं घर आणि त्याखालची जमीन

लॉरा इंगल्स वाइल्डरच्या 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी'मधला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे घर बांधण्याचा. लॉराचे वडील चार्ल्स ओढ्याकाठच्या झाडीतून ओंडके तोडून उघड्या माळावर आणतात. प्रत्येक ओंडक्याच्या टोकाला कुऱ्हाडीने खाच पाडायची, म्हणजे कोपऱ्यात वरचा ओंडका खालच्यावर घट्ट बसतो. भिंत उंच झाली की एकट्याचं काम नाही. मग आई, कॅरोलाइन, दुसरं टोक धरते. एक ओंडका घसरून तिच्या पायावर येतो आणि घोटा मुरगळतो. पुढे मिस्टर एडवर्ड्स नावाचा शेजारी मदतीला येतो. छपराच्या जागी सुरुवातीला गाडीवरचं कापड, दाराला खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या, आणि मधोमध फोडलेले ओंडके सपाट बाजू वर करून लावले की झाली फरशी.

वाचताना वाटतं, आपणही दोन हात लावावेत! घर बांधण्याचं इतकं स्वच्छ आणि प्रेमळ वर्णन मी तरी दुसरीकडे वाचलेलं नाही.

आता या घराची दुसरी बाजू. हे घर खरोखर होतं. इंगल्स कुटुंब विस्कॉन्सिनमधल्या पेपिनजवळचं आपलं आधीचं ओंडक्यांचं घर विकून 1869 साली कॅन्सस राज्याच्या दक्षिण टोकाला, इंडिपेन्डन्स गावाजवळ आलं. लॉराचा जन्म फेब्रुवारी 1867चा, म्हणजे तेव्हा ती जेमतेम अडीच वर्षांची. धाकटी कॅरी तिथेच जन्मली, ऑगस्ट 1870मध्ये. त्याच वर्षीच्या जनगणनेत या कुटुंबाची नोंद सापडते. आणि नोंद करणाऱ्याने तिथे हेही लिहून ठेवलं आहे की ही जमीन ओसेज इंडियनांची आहे, इथे राहायला आलेल्यांकडे तिची मालकी नाही.

म्हणजे मंडळी, ज्या घराचा ओंडका न् ओंडका आपल्याला पाठ आहे, ते घर दुसऱ्याच्या जमिनीवर, परवानगीशिवाय उभं होतं. आणि ही गोष्ट तेव्हा सरकारी कागदावरही होती.

ओसेज लोक वर्षातून दोनदा म्हशींच्या (तिकडच्या रानगव्यांच्या म्हणा) शिकारीसाठी पश्चिमेला जात. परत यावं तर आपल्या जमिनीवर कुणाची तरी झोपडी नाहीतर कुंपण उभं. काही ओसेज या नव्या लोकांकडे जमिनीचं भाडं मागत. पुस्तकात दोघेजण घरात शिरतात, खाणं मागतात, तंबाखू घेऊन जातात, आणि घाबरलेल्या आईबरोबर आपणही घाबरतो. तोच प्रसंग त्यांच्या बाजूने वाचून बघा. जमीनमालक भाडं न देणाऱ्या कुळाच्या दारात आला तर त्याला आपण काय म्हणू?

पुस्तकाच्या शेवटी इंगल्स कुटुंब घर सोडतं, कारण सरकार इथल्या वसाहतवाल्यांना हुसकावणार अशी बातमी येते. प्रत्यक्षात झालं उलटं. जुलै 1870मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा केला आणि ओसेजांनाच दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात, जावं लागलं. त्यांची जमीन सव्वा डॉलर एकर भावाने वसाहतवाल्यांना विकली गेली. इंगल्स कुटुंब 1871मध्ये परत फिरलं त्याचं एक साधं कारण असं, की विस्कॉन्सिनचं घर घेणाऱ्याला पैसे फेडणं जमलं नाही आणि ते घर पुन्हा यांच्याकडे आलं. ओसेजांना परत यायला असं घर उरलं नव्हतं.

हे सगळं कळल्यावर काय करायचं? परवा ताईने फोनवर विचारलं, "हे पुस्तक मुलाला देऊ का नको?" अमेरिकेत हा वाद जुना आहे. 1935च्या आवृत्तीत सुरुवातीलाच असं वाक्य होतं की त्या मुलखात माणसं नाहीत, फक्त इंडियन आहेत. पुढे एका वाचकाने हरकत घेतली, खुद्द लॉराने ती मान्य केली आणि 1953 पासून 'माणसं'च्या जागी 'वसाहतवाले' आलं. 2018 साली तिच्या नावाचा बालसाहित्याचा पुरस्कारही नाव बदलून दिला जाऊ लागला.

पुरस्कार कुणाच्या नावाने द्यायचा हा देणाऱ्यांचा प्रश्न, त्यात मला काही गैर दिसत नाही. पण पुस्तक कपाटात लपवावं हे मला पटत नाही. "त्या काळी असंच होतं, सोडा ना," हेही पटत नाही. कारण त्या काळीही सगळे एकाच बाजूने विचार करत नव्हते. जनगणनेच्या माणसाने जमीन कुणाची ते लिहिलंच ना! आणि गंमत म्हणजे पुस्तकातली लॉराही गप्प बसत नाही. इंडियन जिथे राहतात तिथे आपण का आलो, असं ती विचारते, आणि मोठी माणसं तिला झोपायला सांगतात. मुलं नेमका प्रश्न विचारतात तेव्हा मोठ्यांना झोपेची वेळ आठवते, हे काही फक्त कॅन्ससमध्ये होत नाही.

म्हणून ताईला मी सांगितलं, दे. पण शेजारी बसून वाच. घर बांधण्याचा भाग मनापासून वाच, कारण ते कष्ट खरे आहेत, पडलेला ओंडका आणि मुरगळलेला घोटा खरा मानायला हरकत नाही. सगळं घर तापाने फणफणलं तेव्हा धावून आलेले डॉक्टर टॅनही खरे. ते कृष्णवर्णीय डॉक्टर होते आणि जनगणनेत शेजारी म्हणून सापडतात. त्यानंतर नकाशा काढून ओसेज लोक कुठून कुठे गेले ते दाखव. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला अन्याय समजतो. आपल्याच मोठ्यांना तो समजवावा लागतो.

मला खटकते ती एवढीच गोष्ट: घराण्याचा इतिहास सांगताना आपण नेहमी पहिल्या ओंडक्यापासून, पहिल्या दगडापासून सुरुवात करतो. "पणजोबांनी माळ साफ केला, विहीर खणली, वाडा बांधला." वाक्य ऐकायला छान आहे. त्याआधी त्या माळावर गुरं कोण चारत होतं, हे कुणी विचारत नाही. इंगल्सांच्या घराची प्रतिकृती 1977 साली त्याच परिसरात उभी केली गेली, लोक लांबून ती बघायला येतात. मूळ घराचा एक ओंडका शिल्लक नाही, तरी त्याची आठवण इतकी जपली गेली, कारण लिहिणारी मुलगी त्या घरात वाढली होती. ज्यांच्या घरात अशी लिहिणारी मुलगी नव्हती, त्यांचं काय?

पणजोबांचे कष्ट नाकारायला कुणी सांगत नाही. फक्त गोष्ट एक वाक्य आधी सुरू करा. त्याने वाडा काही पडत नाही.