पोरगं हातचं गेलं म्हणण्याआधी

गेल्या आठवड्यात चळवळीतले एक जुने कार्यकर्ते आमच्याकडे आले. नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेला हा माणूस. जयभीम झाला, चहा झाला आणि मग त्यांनी मन मोकळे केले. सोळा वर्षांचा नातू आहे. दिवसभर कानात बोंडे घालून इंग्रजी आरडाओरडा ऐकतो. कवटीचे चित्र असलेला काळा टी-शर्ट अंगातून काढत नाही. बाबासाहेबांच्या तसबिरीसमोरच्या भिंतीवर त्याने केस वाढवलेल्या गोऱ्यांचे पोस्टर चिकटवले आहे. 'साहेब, पोरगं हातचं गेलं,' असे म्हणताना त्यांचा आवाज कापरा झाला.

आम्ही त्यांना टॉम मोरेलो या माणसाची हकीकत सांगितली. असे आजोबा वस्तीवस्तीत आहेत, म्हणून ती वाचकांपुढेही ठेवतो.

टॉमचा जन्म 1964 साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, म्हणजे काळ्यांच्या वस्तीत झाला. वडील केनियाचे, संयुक्त राष्ट्रसंघात त्या देशाचे मुत्सद्दी. आई मेरी गोरी, पेशाने शिक्षिका. मूल तान्हे असतानाच वडील मायदेशी निघून गेले. मेरीबाई शिकागोच्या आसपास नोकरी शोधू लागल्या, तेव्हा नोकरी मिळेल, पण असले मिश्र कुटुंब घेऊन आमच्या गावात राहता येणार नाही, असे त्यांना ऐकवण्यात आले. आडनाव विचारून भाड्याची खोली नाकारणारे घरमालक आमच्या वाचकांना नवे नाहीत. तिकडे आडनावाऐवजी कातडी पाहिली जाते, एवढाच फरक! शेवटी लिबर्टीव्हिल या गावाने जागा दिली. गावाच्या नावातच स्वातंत्र्य, पण तिथल्या गोऱ्या पोरांत हा एकटा काळा. एकदा त्यांच्या गॅरेजमध्ये कोणीतरी फासाचा दोर टांगून ठेवला होता, असे टॉमने पुढे अनेकदा सांगितले आहे. ज्या देशात काळ्यांना झाडाला लटकवून मारले गेले, तिथे या दोराचा अर्थ लहान मुलालाही कळतो.

या मुलाला किस नावाच्या बँडचे वेड लागले. 1973 साली न्यूयॉर्कमध्ये निघालेला हा बँड. चौघे जण तोंडाला काळा-पांढरा रंग फासून, उंच टाचांचे बूट घालून मंचावर येत. त्यातला एक तर तोंडातून आग आणि रक्त ओकत असे. पोरांना आधी ते रंगवलेले चेहरे खुणावत, मग गाण्यांच्या तबकड्या घरात येत. टॉमने आयुष्यात पाहिलेला पहिला मोठा कार्यक्रम याच बँडचा. तेराव्या वर्षी त्याने गिटार मिळवली आणि शिकवणीला गेला. त्याला किसचे गाणे वाजवायचे होते. मास्तरांनी तारा जुळवायला आणि सूर घोटायला बसवले. दोन शिकवण्यांत पोरगा कंटाळला आणि गिटार चार वर्षे कपाटात पडली. गुणवत्तेची दुकाने मांडून बसलेल्यांनी अशी किती पोरे दारातून परत पाठवली असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

शाळेत किसच्या चाहत्यांची टिंगल होई. समीक्षक या बँडला हिणवत आणि वर्गातले शहाणे त्याच्या चाहत्यांना. टॉम मात्र बधला नाही.

आता कोणी विचारील, या गाण्यांत होते तरी काय? खरे सांगायचे तर विचार म्हणावा असा काहीच नव्हता. मौज, पोरी, धांगडधिंगा. शिवाय किस म्हणजे पक्के दुकानदार. आपल्या नावाच्या शवपेट्यासुद्धा त्यांनी विकायला काढल्या. त्यांच्यातल्या जीन सिमन्सची आई नाझींच्या छळछावणीतून वाचलेली ज्यू बाई, पण त्या दुःखाचा मागमूसही या गाण्यांत नाही. तरीही त्या एकट्या काळ्या मुलाला ती आपली वाटली. आमचे मत असे की, जिथे चेहरे रंगवलेले असतात तिथे खालची कातडी कोणी विचारत नाही. आणि रॉक संगीत गोऱ्यांचे, हे तरी कोणी ठरवले? चक बेरी आणि लिटल रिचर्ड या काळ्या कलावंतांनी ते घडवले. पोरगा परक्याच्या नव्हे, आपल्याच घरात शिरत होता.

मेरीबाईंनी त्या तबकड्या फेकल्या नाहीत. उलट 1985 पासून अमेरिकेत राजकारण्यांच्या बायकांनी गाण्यांवर इशाऱ्याच्या चिठ्ठ्या लावण्याची मोहीम चालवली, तेव्हा या बाईंनी रॉक आणि रॅपच्या बाजूने पालकांची संघटना उभी केली.

सतराव्या वर्षी टॉमच्या हाती सेक्स पिस्टल्सची कॅसेट पडली. एवढे साधे तर आपल्यालाही वाजवता येईल, असे वाटून त्याने लगेच मित्रांचा बँड जमवला. पुढे तो हार्वर्डमध्ये शिकला आणि शिकता शिकता तासन् तास गिटार घासली. 1986 साली पदवी घेऊन लॉस एंजेलिस गाठले. तिथे एका सिनेटरच्या कार्यालयात काम केले आणि राजकारणातली पैशाची लाचारी जवळून पाहिली. 1991 साली रेज अगेन्स्ट द मशीन हा बँड निघाला. पोलिसी अत्याचार, वंशद्वेष, भांडवलशाही यांवर इतक्या मोठ्या आवाजात बोलणारे बँड थोडेच. टॉमच्या गिटारवर शब्द लिहिलेले होते : बेघरांना शस्त्रे द्या.

2014 साली किसला रॉकच्या मानकऱ्यांत बसवताना गौरवाचे भाषण करायला उभा राहिला तो हाच टॉम. त्याने शाळेतल्या टिंगलीचा उल्लेख आवर्जून केला. 5 जुलै 2025 रोजी बर्मिंगहॅममध्ये ब्लॅक सब्बाथ या कामगारवस्तीतून आलेल्या बँडचा अखेरचा कार्यक्रम झाला. त्याचा संगीत संयोजकही तोच होता.

आजोबांची भीती अगदीच खोटी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. बाजार पोरांना गिळतो, हे आम्हीही पाहतो. पण जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभारून वामनदादांचा आवाज बुडवणारे आम्हीच. आम्ही कोणत्या तोंडाने पोरांना गोंगाट म्हणजे काय ते सांगावे? बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. ते वाद्य आपले की परक्यांचे, असा हिशेब त्यांनी मांडल्याचे आमच्या वाचनात नाही.

हे सगळे त्या कार्यकर्त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग आम्ही विचारले, नातू ऐकतो त्या बँडचे नाव काय? ते थोडे ओशाळले. नाव त्यांना ठाऊक नव्हते. 'विचारतो आज त्याला,' म्हणाले आणि जयभीम करून उठले.